भूज, २६ जानेवारी २००१ : गल्लीच्या रुंदीचे प्रकरण

कच्छचा भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे पटकन येतात. एक भचाऊच्या ढिगाऱ्याचे आणि दुसरे अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारतींचे. या दोन चित्रांपुढे भूज हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण थोडे मागे पडते. पण मोठा भूकंप एखाद्या शहराचे नेमके काय करतो आणि ते शहर पुन्हा उभारताना कोणते प्रश्न वर येतात, हे समजून घ्यायचे असेल तर भूजइतके बोलके उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही, असे माझे मत आहे.

त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी जमीन हलू लागली आणि मिनिटभराहून अधिक काळ हलत राहिली. प्रजासत्ताक दिनाच्या सुटीमुळे कचेऱ्या बंद होत्या, बाजार अजून उघडायचा होता आणि कोटाच्या आतल्या जुन्या शहरातील बहुतेक माणसे घरातच होती. जी बाहेर धावली त्यांनी कोणालाही सुचेल तेच केले. परंतु जुन्या भूजमध्ये दाराबाहेर पडणे म्हणजे सुरक्षित जागी पोहोचणे नव्हते. दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली दगडी घरे आणि मधे जेमतेम दोन माणसे शेजारून जातील एवढी शेरी, म्हणजे गल्ली, अशी तिथली रचना होती. दोन्हीकडच्या भिंती पडल्या त्या याच शेरीत. घरात राहिलेला आणि घराबाहेर पळालेला असे दोघेही एकाच ढिगाऱ्याखाली सापडले. म्हणून या प्रकरणात मी गल्लीच्या रुंदीचा प्रश्न मध्यभागी ठेवला आहे. भूकंपाच्या त्या मिनिटात तो जीवनमरणाचा होता आणि पुढची अनेक वर्षे तो मालमत्तेचा, कायद्याचा आणि शेजाराचा होऊन बसला.

जमिनीखाली काय झाले

भूकंपाची तीव्रता आघूर्ण-परिमाणावर (मोमेंट मॅग्निट्यूड, म्हणजे किती खडक किती सरकला यावरून भूकंपाचा आकार मोजणारी पट्टी) ७.७ इतकी नोंदली गेली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने सुरुवातीला दिलेला आकडा ६.९ होता. मोजण्याची पट्टी वेगळी असल्याने हा फरक पडला, मात्र त्यावरून वर्तमानपत्रांत बराच गोंधळ झाला. केंद्र भूजच्या पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, भचाऊ तालुक्यातील चोबारी गावाच्या परिसरात होते आणि खोली सुमारे २० किलोमीटर होती.

हिमालयातला भूकंप समजावून सांगणे सोपे असते, कारण तिथे दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात. कच्छ तशा सीमेवर नाही, ती पश्चिमेला काहीशे किलोमीटर दूर आहे. तरीही कच्छ हा भारतातील सर्वांत धोकादायक भूकंपप्रवण प्रदेशांपैकी एक आहे आणि त्याचे कारण त्याच्या जुन्या इतिहासात आहे. गोंडवन हा महाखंड फुटत असताना इथली जमीन ताणली गेली, तिला पूर्व-पश्चिम भेगा पडल्या आणि खचदरी तयार झाली. पुढे भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकून आशियाला धडकला आणि ताणाच्या जागी दाब आला. त्यामुळे ज्या भेगेवरून खडकाचा ठोकळा एके काळी खाली घसरला होता, त्याच भेगेवरून आज तो वर ढकलला जातो. पुरातन जखमेवरच नवा भार पडावा, तसे हे आहे.

२००१ मध्ये सरकलेला भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतो ती भेग, दक्षिणेकडे कललेला होता आणि त्याची फूट जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आलीच नाही. भूवैज्ञानिकांनी रानोमाळ हिंडून मुख्य भ्रंशाची रेघ शोधली, पण हाती आल्या त्या बहुतेक दुय्यम भेगा आणि उंचावलेली शेते. एवढ्या तीव्रतेच्या मानाने तुटलेल्या खडकाचे क्षेत्र पुष्कळच लहान होते, म्हणजेच थोड्या जागेत खूप ऊर्जा कोंडलेली होती आणि ती एकदम सुटली. रणात वेगळाच प्रकार घडला. पाण्याने भिजलेली वाळू हादऱ्यांनी पातळ झाली आणि हजारो चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीतून खारे पाणी व वाळू उसळून वर आली. दुष्काळात होरपळणाऱ्या जिल्ह्यात कोरड्या पात्रांना अचानक पाणी आलेले पाहून काही गावांना लुप्त झालेली नदी परतली असे वाटले. ते पाणी काही दिवसांत आटले आणि मागे मीठ उरले. त्याच दुष्काळाचा एक उपकारही नोंदवला पाहिजे : भूकंपात कच्छमधील अनेक मातीच्या धरणांना मोठ्या भेगा पडल्या, पण जलाशय जवळजवळ रिकामे असल्यामुळे पुराचे संकट टळले.

भूजला हे नवे नव्हते

१६ जून १८१९ रोजी संध्याकाळी कच्छला याहूनही मोठा धक्का बसला होता. रणाच्या उत्तरेला सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा जमिनीचा पट्टा उंचावला गेला, लोकांनी त्याला अल्लाबंद असे नाव दिले आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. त्या वेळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नोंदींनुसार एकट्या भूजमध्ये सुमारे सात हजार घरे पडली आणि अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली. २००१ मध्येही भूज शहरात पूर्णपणे पडलेल्या घरांची संख्या सात हजारांच्या आसपासच होती. दोन्ही आकडे मोजण्याच्या पद्धती सारख्या नसतील हे मान्य आहे, तरीही १८२ वर्षांच्या अंतराने एकाच शहरात जवळपास तेवढीच घरे पडावीत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. मधल्या काळात, २१ जुलै १९५६ रोजी, शेजारच्या अंजारला भूकंप झाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली.

सरकारी कागदही अनभिज्ञ नव्हते. भारतीय मानक संस्थेच्या नकाशात कच्छ कितीतरी वर्षांपासून पाचव्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या विभागात होता. भूकंपात तग धरणारी दगडी घरे कशी बांधावीत, काँक्रीटच्या सांगाड्यात सळई कशी बांधावी, यांची मानके किल्लारीच्या वर्षी, १९९३ साली, छापूनही झाली होती. मात्र ती पाळण्याचे बंधन भूजच्या मिस्त्रीवर किंवा घरमालकावर प्रत्यक्षात कोणी घातले नव्हते.

भिंत आतून कशी होती

जुन्या भूजमधील भिंत दोन-दोन फूट जाडीची असे आणि त्या जाडीमुळे ती भक्कम वाटत असे. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन भिंती होत्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत मातीत कालवलेले दगडगोटे. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलू लागताच मधला भराव खाली दबतो, पदर फुगतात, बाहेरचा पदर शेरीत कोसळतो आणि वरच्या जड छपराचा आधार जातो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसल्या तर त्या आधी कोपऱ्यात उघडतात आणि मग प्रत्येक भिंत एकटी हलू लागते. किल्लारीला माळवदाच्या घरांनी हेच केले होते. तिथे छपरावर मातीचे जाड थर होते, इथे कौले, चुना आणि नंतर चढवलेले मजले होते.

नवी घरे याहून बरी असतील असे वाटावे, पण तसेही सरसकट झाले नाही. कच्छमध्ये बेला म्हणतात त्या घडीव दगडी ठोकळ्यांच्या भिंती सिमेंटमध्ये रचून त्यांवर थेट काँक्रीटचा स्लॅब टाकण्याची पद्धत रूढ झाली होती. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा वेढणारा काँक्रीटचा पट्टा टाकलेला असता तर यांतली अनेक घरे भेगा पडूनही उभी राहिली असती. जिथे असे पट्टे होते, तिथे ती उभी राहिली. याउलट बन्नी भागातील भुंगे, म्हणजे मातीच्या गोल भिंतींची, गवती शंकूच्या छपराची घरे, मोठ्या प्रमाणावर तगली. त्यांना कोपरा नाही आणि छपराला वजन नाही. त्यांच्या टिकण्याचे सगळे गुपित एवढेच आहे.

सर्वांत मोठा घात सरकारी रुग्णालयाचा झाला. जखमींना जिथे न्यायचे, तीच इमारत रुग्णांसह कोसळली. मग ज्युबिली मैदानावर उघड्यावर उपचार सुरू झाले. टेलिफोन केंद्र निकामी झाल्याने बाहेरच्या जगाला पहिले काही तास भूजची खबरच लागली नाही. दूरचित्रवाणीवर दिवसभर अहमदाबाद दिसत होते, कारण कॅमेरे तिथे होते.

अहमदाबादेत जे झाले ते स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. केंद्रापासून सुमारे २४० किलोमीटरवर असूनही तिथे साडेसातशेच्या आसपास माणसे गेली. एका बहुमजली इमारतीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक दशांश इतके नोंदवले. इतक्या हादऱ्याने नीट बांधलेली इमारत पडत नाही. पडल्या त्या मुख्यतः साबरमतीच्या गाळावरच्या, तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेल्या, बारीक खांबांवर चार-पाच मजले आणि वर पाण्याच्या टाक्या पेलणाऱ्या इमारती. मुंबई, ठाणे आणि पुणे इथे अशा इमारती किती आहेत, हे आपल्याला खिडकीतून दिसते.

शेरीतला ढिगारा

भूजकडे परत येऊ. गुजरातमधील मृतांचा अधिकृत आकडा १३,८०५ आहे आणि त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मृत्यू एकट्या कच्छ जिल्ह्यातले आहेत. भूज शहरात दोन हजारांवर माणसे गेली. अंजारमध्ये ध्वजवंदनासाठी निघालेली शाळकरी मुलांची फेरी अरुंद गल्लीत होती. दोन्हीकडची घरे तिच्यावर कोसळली आणि सुमारे १८५ मुले व त्यांचे वीसेक शिक्षक गेले. गल्लीच्या रुंदीचा अर्थ याहून स्पष्ट करून सांगता येत नाही आणि हे लिहिताना हात थांबतो.

पडलेल्या दगडांनी शेऱ्या पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत भरल्या, त्यामुळे कोटाच्या आत गाडी, क्रेन किंवा रुग्णवाहिका शिरणे अशक्य झाले. महादेव नाका, पाटवाडी नाका, सरपट नाका, भीड नाका आणि वाणियावाड नाका हे गावात येण्याचे पाच मार्ग. शिवाय छठी बारी नावाचा लहान दरवाजा. संस्थानी काळात हीच रचना शहराचे रक्षण करत असे, कारण शत्रूला सहज आत येता येत नसे. त्या दिवशी मदतीलाही येता आले नाही. लोकांनी उघड्या हातांनी, पहारींनी, पलंगाच्या लोखंडी दांड्यांनी दगड उपसले आणि जिवंत बाहेर निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनीच काढले. लष्कर आणि वायुदलाचा भूजमध्ये तळ होता, पण त्या तळाचीही हानी झाली होती. तरीही धावपट्टी लवकरच वापरात आली आणि पुढची मदत तिथूनच उतरली.

मुंबईत मस्जिद बंदर, दादर, मुलुंड आणि घाटकोपर इथल्या कच्छी घरांत त्या दिवशी फोन लागत नव्हते. मुंबईतला कच्छी माणूस आपल्या गावाला 'देश' म्हणतो, हे त्यांच्या शेजारी राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. केंद्र ज्या वागड भागात होते, तिथल्या गावांतली कितीतरी घरे मुंबईकरांची आणि एरवी कुलूपबंद असत. त्यामुळे काही जीव वाचलेही. मदतीचे ट्रक आणि पैसा इथून लगोलग गेला.

गल्ली रुंद करायची, पण कोणाच्या जागेतून

राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २००१ रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. गावांसाठी धोरण ठरले ते असे की मालकाने आपले घर आपणच बांधावे, सरकारने हप्त्यांनी पैसे द्यावेत आणि अभियंत्याने पाहणी केल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादमधील बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली, ठेकेदारांनी रांगेत घरे उभारली आणि त्या घरांत लोकांचे मन व जनावरे दोन्ही मावली नाहीत. तो अनुभव ताजा होता. कच्छमध्ये सर्वच गावे हलवण्याचा विचार मागे पडला, त्यात आपल्या मराठवाड्याच्या अनुभवाचा वाटा होता, असे मी मानतो.

शहरात मात्र 'आपले घर आपणच बांधा' असे म्हणून भागणार नव्हते. प्रत्येकाने जुन्या पायावर पुन्हा बांधले असते तर तीच अरुंद शेरी पुन्हा तयार झाली असती. म्हणून कोटाच्या आत बांधकामाला मनाई करण्यात आली आणि नगररचना योजनेचा मार्ग निवडला गेला. या पद्धतीचे मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांची मांडणी त्याच पद्धतीने झाली आणि टीपीएस (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना) रोड हे नाव तिकडच्या पाट्यांवर आजही आहे. सगळ्यांचे भूखंड कागदावर एकत्र करायचे, प्रत्येकातून थोडी जमीन रस्ते व मैदानांसाठी काढायची आणि उरलेली जमीन नीट आकार देऊन त्याच मालकांना परत द्यायची, असा हा मार्ग आहे. मुंबईत हे मोकळ्या शेतांवर झाले होते. भूजमध्ये ते ढिगाऱ्यावर करायचे होते, जिथे एकेका तुकड्यात तीन भावांचा हिस्सा होता आणि भूमापनाच्या कागदावरची हद्द जमिनीवरच्या हद्दीशी जुळत नव्हती.

जुन्या शहरासाठी आठ योजना आखल्या गेल्या. अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेने भूखंडनिहाय मोजणी करून नकाशे तयार केले आणि ते लोकांपुढे ठेवले. मोठ्या तावांवर रेषांचे जाळे आणि त्यात क्रमांक. माणसे वाकून, बोट फिरवत आपले घर शोधत. सापडले की पहिला प्रश्न किती गेले हा असे आणि दुसरा शेजारी कोण आला हा. कपातीचे प्रमाण सरसकट ठेवले नाही, हे या योजनेतील मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेले कलम आहे. अगदी लहान तुकड्यांतून काहीच जमीन घेतली नाही, मधल्यांतून थोडी, आणि मोठ्या भूखंडांतून चढत्या दराने, जास्तीत जास्त एक तृतीयांशाच्या आसपास. त्या जमिनीतून रुंद रस्ते, वळणरस्ता आणि बंद गल्ल्यांना दुसरी वाट मिळाली.

यासाठी काळ गेला. जवळपास दोन वर्षे लोक पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत राहिले, उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाजले आणि स्वतःच्या जागेवर एक वीटही ठेवू शकले नाहीत. ज्यांना थांबायचे नव्हते त्यांनी मुंद्रा रोड, रावलवाडी, आरटीओ आणि जीआयडीसी या पुनर्वसन वसाहतींत भूखंड घेतले. या उशिराबद्दल प्रशासनावर तेव्हा खूप टीका झाली. ती चुकीची नव्हती, पण घाईने बांधलेल्या शेऱ्या पाडण्याची संधी पुढे शंभर वर्षे मिळाली नसती, हेही खरे आहे. माझ्या दृष्टीने खरी उणीव दुसरीकडे होती.

कोटाच्या आत राहणारे पुष्कळजण भाडेकरू होते. पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्याने त्याच खोलीत, त्याच देवळाजवळ वा मशिदीजवळ, कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर राहणारे कारागीर, हमाल, लहान दुकानदार. घर पडले तेव्हा मालकाला भरपाई, भूखंड आणि योजनेत क्रमांक मिळाला. भाडेकरूचे घरही पडले होते, पण नकाशावर त्याचा क्रमांक नव्हता. मालकाला जुन्या भाडेकरूपासून आयती सुटका मिळाली आणि नव्या इमारतीचे भाडे त्याला परवडणारे उरले नाही. जीआयडीसीच्या बाजूच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत अशी कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा स्वागतार्ह नियम गुजरातने केला, पण ज्यांच्या नावावर आधीच काही नव्हते त्यांच्यापर्यंत तो पोहोचू शकत नव्हता. पुणे, नाशिक, कऱ्हाड आणि सातारा इथल्या जुन्या पेठांत वाडे आणि पागडीच्या खोल्या पाहताना मला भूजच्या नकाशावरची ही न छापलेली नावे आठवतात.

बाकीचे परिणाम थोडक्यात सांगता येतील. केंद्राने २००१ सालीच कच्छमधील नव्या उद्योगांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, कारखाने आले, बाहेरून मजूर आले आणि भूज कोटाबाहेर झपाट्याने पसरले. भूकंप-रचनेचे मानक २००२ मध्ये सुधारले गेले, तर आपत्ती व्यवस्थापनाचा गुजरातचा स्वतःचा कायदा २००३ मध्ये आला. रुग्णालय त्याच शहरात नव्याने उभे राहिले आणि २००४ च्या सुरुवातीला खुले झाले. त्याची इमारत पायाशी शिसे व रबराच्या जाड आधारांवर बसवलेली आहे. जमीन सरकली तरी वरचा मजला तिच्याबरोबर झटका घेत नाही. भारतात अशा पद्धतीने बांधलेले हे पहिले रुग्णालय मानले जाते. भुजिया डुंगरावर २०२२ मध्ये स्मृतिवन झाले आणि मृतांची नावे तिथे कोरली गेली.

आज सरपट नाक्यातून आत शिरले की रस्ता सरळ आणि मोकळा लागतो. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी, क्रेन, सगळे आत जाऊ शकते. त्या रस्त्याच्या कडेला काही भूखंड अनेक वर्षे रिकामेच राहिले, कारण मालक मुंद्रा रोडला स्थिरावले होते आणि भाडेकरूंना परत यायला जागा नव्हती. पूर्वी संध्याकाळी ज्या फळियात, म्हणजे आळीत, समोरासमोरच्या ओट्यांवर बसून बायका एकमेकींशी आवाज न चढवता बोलत असत, तिथे आता मधून दुचाकी आणि रिक्षा जातात, आणि पलीकडच्या घराशी बोलायचे असेल तर रस्ता ओलांडावा लागतो.